विजू, तुझ्या तेराव्याला श्रीखंड होतं

विजू, तुझ्या तेराव्याला श्रीखंड होतं. वेलदोडा घातलेलं, गोडमिट्ट, पंचकुल्याच्या केटररकडून मागवलेलं. सोबत पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी, मसालेभात. तुझ्या फोटोसमोर त्या श्रीखंडाची वाटी ठेवून तुझा धाकटा दीर हात जोडून म्हणाला, "वहिनींना फार आवडायचं." फार आवडायचं म्हणे! चांगल्या आंबट दह्याचं पाणी काढून टाकायचं आणि उरलेल्यावर साखरेचा डोंगर ओतायचा, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा भेटायचंय, असं तू आपल्या चंदीगडच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या पंगतीत, वाढपी समोर उभा असताना म्हणाली होतीस. सगळी पंगत हसली होती. तीच पंगत तेराव्याला तुझ्या नावाने श्रीखंड चाटत बसली होती आणि एकाही बाईला ते आठवलं नाही.

मंडळाच्या सेक्रेटरींनी मला लेख मागितलाय. "सुमनताई, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या. दोन पानं लिहा अंकासाठी. फक्त जरा सांभाळून, घरचे वाचणार." सांभाळून लिहायचं असेल तर तुझा दीरच पुरे आहे की. मला ते जमणार नाही. मी हे तुलाच लिहितेय. त्यांना छापायचं तर छापतील, नाहीतर राहू देतील.

शोकसभेत तो काय बोलला तेही ऐकून ठेव. मंडळाचा हॉल भरला होता. युनिव्हर्सिटीतले तुझे विद्यार्थी, हॉस्पिटलातले आपले मराठी डॉक्टर, दोन-तीन फौजी कुटुंबं, तुझ्या मुल्लानपूरच्या बिल्डिंगमधल्या सरदारणी, सगळे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी अत्यंत सात्त्विक. कसलं व्यसन नाही, कसली आवडनिवड नाही. पानात पडेल ते आनंदाने खायच्या." आवडनिवड नाही! अगं, आमटीत आमसूल दोन पडलीत की तीन हे तू डोळे मिटून सांगायचीस. माझ्या घरी एकदा मी तेल बदललं, तर पहिल्या घासाला "सुमे, घाणा बदललास का गं?" म्हणालीस. अशा बाईला आवडनिवड नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारी श्रीकांतराव बसले होते, तुझा नवरा, पस्तीस-चाळीस वर्षं तुझ्या जिभेची बोलणी खाल्लेला माणूस. ते मान खाली घालून बसले. आणि मीही. मीसुद्धा काही बोलले नाही, विजू. रागाने नुसती लाल होऊन पदर चुरगाळत बसले.

बोलायला काय झालं होतं मला? उठून म्हणायचं होतं, "भाऊजी, तुमच्या वहिनींना लाल वाईन आवडायची. तीही कुठलीही नाही. थंड हवेतली, पातळ, आंबटसर, आणि ती कशाबरोबर खायची यावर त्यांनी नऊ वर्षं काम केलंय." एवढंच. आभाळ कोसळलं नसतं.

नऊ वर्षं झाली त्याला. मी तेव्हा सेक्टर तीसच्या सरकारी लॅबमध्ये भिंगं आणि मोजमापाची यंत्रं सांभाळत होते, तू युनिव्हर्सिटीत बॉटनी शिकवत होतीस. मी जळगावची, तू तासगावची, आणि आपली ओळख मंडळाच्या भोंडल्यातली. तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिमल्याच्या वर, सफरचंदाच्या बागेच्या कडेला द्राक्षाचे वेल लावले होते. पिनो नुआर, लाल वाईनचं द्राक्ष. त्याने गुरुदक्षिणा म्हणून सहा बाटल्या आणून दिल्या आणि श्रीकांतराव हात लावेनात, म्हणून तू मला बोलावलंस. जूनचा महिना. बाटलीवर लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला प्यावी. आपण दोघी शिकल्यासवरलेल्या, एक पीएचडी, एक सरकारी सायंटिस्ट, लिहिलंय तर लिहिलंय म्हणून कूलर बंद करून, खोलीतच ठेवलेली ती बाटली स्टीलच्या पेल्यात ओतली. वं माय! गरम खोकल्याचं औषध नुसतं. मी खिडकीतून थुंकले. तू मात्र पेला नाकाशी धरून बसलीस आणि म्हणालीस, "थांब. आत काहीतरी आहे. उकाड्याने दबलंय."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधला थर्मामीटर आणला. खोली अडतीस अंश! लिहिणाऱ्याची खोली कुठल्यातरी थंड देशातली असणार, चंदीगडच्या जूनमधली नव्हे, हे आपल्याला बाटली निम्मी संपल्यावर कळलं. फ्रीजमध्ये ठेवली तर इतकी गार पडली की चवच लागेना. मग तू बाल्कनीत एक रुंद तोंडाचा माठ आणून ठेवलास, त्यात पाणी, पाण्यात बाटली उभी, वर झाकण. सतरा-अठरा अंशांवर बरोब्बर यायची. कुणी विचारलं तर "तुळशीचं पाणी आहे" म्हणायचीस. तेव्हापासून दर महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी साडेबारा, तुझा विद्यार्थी बाटल्या धाडणार, तू शुक्रवारी एक माठात सोडणार आणि मी डबा घेऊन येणार. नऊ वर्षांत किती शनिवार चुकवले असतील? माझ्या मोतीबिंदूचा एक, तुझ्या रेवतीच्या लग्नाचा एक, बाकी करोनातले.

तू मला शिकवलंस सगळं. लॅबमधला पांढरा फिल्टर पेपर माझा, त्यावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा. "बघ, आरपार दिसतंय. कोकम सरबतासारखी. गडद लाल म्हणजे चांगली असं नसतं गं." मग ग्लास फिरवायचा, हुंगायचं, घोट तोंडात घेऊन वर जरा हवा ओढायची. तासगावची गोष्ट दर वेळी यायचीच. "आमच्याकडे ऊन ढीगभर, म्हणून साखर ढीगभर, म्हणून बेदाणा. तिथे वर द्राक्ष थंडीत कुडकुडत पिकतं. लई वेळ घेतं. साल पातळ राहते, आंबटपणा सोडत नाही. म्हणून ही अशी हलकी लागते, तुरट कमी, आंबट जास्त. हिला जेवण हवं. नुसती प्यायची वाईनच नव्हे ही."

आणि मग जेवणं! प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तू एकेक लिहून ठेवलंस. छोले: वाईन मेली. राजमा: चालेल, आलं कमी हवं. बटर चिकन: मलईने गिळून टाकली. गोडा मसाला घातलेली मसुराची आमटी: वा. बिटाची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून: उत्तम. सोलनची अळंबी, लोण्यावर परतून, नुसती मिरपूड: याच्यापुढे बोलणं नाही. वासांची नावं तुझी स्वतःची. पुस्तकातल्या परक्या फळांना तू हातच लावला नाहीस. "जे फळ मी आयुष्यात खाल्लं नाही त्याचा वास मला कसा येईल?" तू लिहायचीस करवंद, रातांबा, पिकत आलेलं जांभूळ, बेदाण्याच्या शेडमधली जुनी लाकडं. मी कधी करवंद हुडकायला गेले तर मला आंबट पाण्यापलीकडे काही लागायचं नाही. "तुला करवंद येतं, मला का नाही येत?" तर म्हणायचीस, "तू रोज दहा मिरच्या खातेस म्हणून."

कधी कधी दुसरीकडची वाईन ताडून बघायला आपण ठेक्यावर, दारूच्या दुकानात, जायचो. मी सुती साडीत, तू सलवार-कमीजमध्ये, दोघींचे केस पांढरे. काउंटरवरचा सरदार पहिल्या वेळी गोंधळला होता. "माताजी, किस के लिए चाहिए?" तू चष्मा नीट करून म्हणालीस, "अपने लिए, बेटा. और ये वाली नहीं, ये धूप में रखी थी." पुढच्या वेळेपासून तो आपल्याला खुर्च्या द्यायला लागला. त्या परक्या माणसाला तुझी आवडनिवड ठाऊक होती, विजू.

आता आपलं भांडण. ते मी टाळणार नाही.

भरीत. माझं खानदेशी भरीत, ज्याच्यासाठी या शहरातले अर्धे मराठी लोक माझ्याशी गोड बोलतात. इथे आमच्याकडची हिरवी वांगी मिळत नाहीत, भोपळ्याएवढ्या काळ्या वांग्यांवर भागवावं लागतं, तरी मी कोळशावर भाजते, हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच निखाऱ्यावर भाजून लाकडी मुसळीने ठेचते, वर कांद्याची पात, दाणे, कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा तू डोळे मिटून नुसता धूर हुंगत बसलीस. मग घास घेतलास, मग घोट, आणि तोंड वाकडं केलंस. "सुमे, धूर बरोबर आहे, वांगं बरोबर आहे. मिरची काढ. मिरची आहे तोवर वाईन मुकी राहते." मी म्हटलं, "मिरची काढली तर ते भरीत राहत नाही. आजाऱ्याचं जेवण होतं." तू म्हणालीस, "एकदा करून बघ." मी म्हटलं, "तूच कर." तू म्हणालीस, "माझ्या हातचं भरीत भरीत लागतच नाही, तुझंच हवं." नऊ वर्षं! अळंबी झाली, मसूर झाली, शेंगोळ्यासुद्धा झाल्या, आणि दर दोन महिन्यांनी तू परत भरतावर यायचीस. त्या जर्नलमध्ये भरताचं पान तू रिकामं ठेवलं होतंस. हे मला माहीत होतं आणि मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. वाटायचं, बाई सगळ्यात जिंकते, एका गोष्टीत हरू दे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन आला. "बाटली माठात सोडलीये. उद्या भरीत आण. बिनमिरचीचं. एकदाच, सुमे." मी म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर तरी नाही." तू खदखदून हसलीस. "बरं, मग माझ्या तेराव्याला कर." आणि जाता जाता म्हणालीस, "शिवाय दोन दिवस छातीत जळजळतंय गं, तिखट नकोच वाटतंय." मी काय म्हणावं? "बहाणे नकोत. वय झालं तुझं, ओवा चाव." आणि फोन ठेवला.

मी चिडलेय विजू, तुझ्यावरसुद्धा. छातीतली जळजळ दोन दिवस राहते तेव्हा हॉस्पिटलात जायचं असतं. शहरात एवढं मोठं हॉस्पिटल, त्यातले चार डॉक्टर तुझ्या हातचं जेवून गेलेले, एकाला फोन केला असतास तर? वाईनमधलं करवंद हुडकणारी तू, स्वतःच्या छातीतलं दुखणं तुला ओळखता येऊ नये? आणि सांगितलंस कुणाला, तर मला. जिने ओवा चाव म्हटलं. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत शेगडीपाशी होते. वांगी भाजून झाली होती. तेव्हा काय भाजत होते ते पुढे सांगते. आत्ता सांगायचा धीर होत नाही.

मग तुझे सासरचे पुण्याहून आले आणि घर त्यांच्या ताब्यात गेलं. तिसऱ्या दिवशी मी आले तर तुझी जाऊ सिंकपाशी उभी. एकेक बाटली उघडून ओतत होती. सात बाटल्या, विजू. तू लग्नाच्या वाढदिवसाला ठेवलेली सुद्धा. "लोक येतायत भेटायला. कपाटात हे दिसलं तर काय म्हणतील? त्यातून बाईमाणसाचं घर." मी म्हटलं, "अहो, त्या विजूच्या आहेत." तर म्हणाली, "म्हणूनच." मी दारातच उभी राहिले. पातळ, आरपार दिसणारा लाल रंग जाळीतून खाली जात होता आणि स्वयंपाकघरभर तो वास सुटला होता. रिकाम्या बाटल्या तिने वर्तमानपत्रात गुंडाळून कबाड्याला दिल्या. मी तिच्या हातातून निदान एक हिसकावून घ्यायला हवी होती. शोकसभेत गप्प बसले ते त्यानंतर दोन दिवसांनी. म्हणजे सवय झाली होती म्हण.

तेराव्याला मात्र मी ठरवून गेले. पहाटे उठून वांगी भाजली. मिरची एकसुद्धा नाही. लसूण बेताचा, पात, दाणे, थोडे अक्रोड कुटून, कारण एकदा तू अक्रोडाचं म्हणाली होतीस. डबा पिशवीत घालून मुल्लानपूरला आले. वाटेत जिथे मोहरीची शेतं होती तिथे आता प्लॉटचे बोर्ड लागलेत, तुला ते बघवायचं नाही. दारात तुझी जाऊ. "काय आणलंत?" म्हटलं, "भरीत. तिने मागितलं होतं." ती दचकलीच. "आज वांगं? आणि कांदा-लसूण? नाही हो ताई, आज नाही चालत. गोडाचं जेवण आहे. श्रीखंड आहे ना." मी डबा परत पिशवीत घातला. म्हणायला हवं होतं की बाई, हे तिचं तेरावं आहे, तुमचं नाही. नाही म्हटलं. पंगतीत बसले, श्रीखंडाला हात लावला नाही, एवढाच माझा पराक्रम. घरी येऊन डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी न उघडता टाकून दिला.

सासरचे गेले. रेवती बापाजवळ राहिली. गेल्या शुक्रवारी तिचा फोन. तुझी लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, आता मला त्याची सवय आहे. "सुमन मावशी, मैं बाल्कनी धो रही थी. मम्मा के उस मटके में एक बोतल है. ये क्या है?"

अगं विजू! माठ! तुझ्या जावेने कपाटं उचकली, पलंगाखाली बघितलं, पण बाल्कनीतल्या माठात कोण बघतं? तू शुक्रवारी सोडलेली बाटली तीन आठवडे तिथेच उभी होती. पाणी निम्म्यावर आलं होतं, लेबल सुटून वर तरंगत होतं. रेवतीला म्हटलं, "हात लावू नकोस. पाणी भर. मी उद्या साडेबाराला येते."

शनिवारी डबा घेऊन आले तर टेबलावर आपले दोन्ही मोठ्या पोटाचे ग्लास पुसून ठेवलेले, इंडस्ट्रियल एरियातल्या शोरूममधून आणलेले. मी श्रीकांतरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "स्वेटरच्या कप्प्यात ठेवले होते मी. बाटल्या वाचवता आल्या नाहीत." एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. तुझा नवरा नऊ वर्षं ते ग्लास धूत होता, एक तडा जाऊ दिला नाही. मला त्यांचाही राग आला होता, तो तिथे थोडा उतरला.

रेवतीने तुझं जर्नल समोर ठेवलं. "मुझसे मम्मा की राइटिंग पढ़ी नहीं जाती. आप पढ़ो ना." मी वाचायला लागले. छोले, राजमा, मसूर, अळंबी. ती मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची. "मम्मा ने ये सब किया? मुझे लगा आप दोनों बस गप्पे मारते हो." बघ, पोटच्या पोरीलासुद्धा माहीत नव्हतं. आणि मग भरताचं पान आलं. आता ते कोरं नव्हतं. वर तू शुक्रवारीच लिहून ठेवलं होतंस: "उद्या. सुमनचं भरीत, बिनमिरचीचं." आणि खाली बारीक अक्षरात: "नाही म्हणाली. पण आणेल." त्याखाली चवीसाठी मोकळी जागा.

रेवती म्हणाली, "फिर? आप लाए थे उस दिन?"

विजू, त्या दिवशी मी बिनमिरचीचं आणत नव्हते. आता सांगते. त्या शनिवारी सकाळी मी रोजच्या दहा नाही, पंधरा मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या होत्या. मुद्दाम. म्हटलं, बिनमिरचीचं मागते काय, आता खाऊ दे हे. तुझं तोंड कसं होईल ते आठवून एकटीच हसत होते आणि तेवढ्यात फोन वाजला. तुला छातीत जळजळत होतं आणि मी तुझ्यासाठी पंधरा मिरच्या भाजत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रेवतीला सांगितलं, मराठीत, तिच्याकडे न बघता.  मग उठून तिने बाटली पाण्यातून काढली, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "खोलो, मावशी."

थर्मामीटर लावला. अठरा. फिल्टर पेपरवर ग्लास तिरका धरला, रंग आरपार. रेवतीला म्हटलं, आधी बघ, मग हुंग, घाई करू नकोस. डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, भरताचा घास घेतला. धूर, वांगं, दाणे. मिरची नाही म्हणून जीभ दर घासाला तिला शोधत होती. मग घोट घेतला, वर हवा ओढली.

करवंद, विजू. काळं, पिकलेलं, चीक असलेलं करवंद, शाळेच्या सुट्टीत मामाच्या गावी पानाच्या द्रोणात मिळायचं ते. मागून धूर, आणि मग परत करवंद. नऊ वर्षं मी त्या ग्लासात ते हुडकलं आणि ते तिथेच होतं, माझ्याच मिरचीखाली. मला इतका संताप आला! बरोबर होतीस तर हट्ट का नाही धरलास? दर वेळी दोनदा म्हणून गप्प का बसायचीस? माझ्या हातून डबा काढून घेऊन, मला खुर्चीला बांधून का नाही खाऊ घातलंस? आणि आता हे सांगायचं कुणाला, तर तुझ्या भिंतीवरच्या त्या फोटोला, ज्याच्यापुढे श्रीखंड ठेवतात. मी रडले. भरीत तोंडात असताना रडले, तुझ्या पोरीसमोर.

रडून झाल्यावर पेन मागितलं. मोकळ्या जागेत लिहिलं: "आणलं. उशिरा. करवंद लागलं." पुढे काही सुचेना, म्हणून सही करून तापमान टाकलं.

रेवतीने तोवर दोन घास खाल्ले होते, ग्लास तिच्या हातात तसाच होता. जरा चाचरत म्हणाली, "मावशी, बुरा मत मानना. थोड़ा फीका नहीं है? एक हरी मिर्च ले आऊँ?"

ती उठलीसुद्धा. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"गप बस आणि खा," मी म्हटलं. "मिरची आहे तोवर वाईन मुकी राहते."